पडद्यावरच्या गर्दीला शिस्त

मार्च संपला की सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदाराच्या संगणकावर काय काय उघडं असतं, ते एकदा पाहा. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये, मेंटेनन्सची नोंदवही एक्सेलमध्ये, सभासदांनी पाठवलेले पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप वेबवर, ऑडिटरचा ईमेल आणि थकबाकीची मराठी नोटीस वर्डमध्ये. मी हे काम तीन वर्षं केलं. पहिल्या वर्षी स्टेटमेंटमधली रक्कम वाचायची, माउस धरून खालच्या पट्टीवर जायचं, एक्सेलच्या चित्रावर थांबायचं, दोन फाइलींतली हवी ती निवडायची, असं चालायचं. तिथं पोचेपर्यंत आकडा २,४५० होता की २,५४० हे आठवेनासं व्हायचं आणि पुन्हा मागे जावं लागायचं.

स्मरणशक्तीला दोष देण्यात अर्थ नव्हता. रकमेवर असायला हवं ते लक्ष विंडो शोधण्यात खर्च होत होतं. दुसऱ्या वर्षी मी कीबोर्डचे मोजके शॉर्टकट शिकले आणि आकड्यांची अदलाबदल जवळपास थांबली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: विंडो हाताळण्याचे शॉर्टकट वेगासाठी शिकू नयेत, लक्ष अखंड राहावं म्हणून शिकावेत. वेग मागोमाग येतोच.

हा लेख विंडोज १० आणि विंडोज ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. 'विंडोज + डी' असं लिहिलं असेल तर पहिलं बटण दाबून धरायचं, ते न सोडता दुसरं एकदा दाबायचं आणि मग दोन्ही सोडायची. विंडोजचं बटण म्हणजे कीबोर्डच्या खालच्या ओळीत डावीकडे असलेलं चार चौकोनांच्या खिडकीचं चिन्ह. ते १९९४ साली मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डवर पहिल्यांदा आलं. अनेकांना त्याचा एकच उपयोग माहीत असतो, स्टार्ट मेनू उघडणं. खरं तर विंडोंची बहुतेक सूत्रं याच बटणाकडे आहेत.

दोन विंडोंमधली ये-जा

सुरुवात आल्ट + टॅबपासून करा. हा शॉर्टकट बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण तो चालतो कसा हे थोड्यांना माहीत असतं. संगणक उघड्या विंडोंचा क्रम लक्षात ठेवतो. आत्ता वापरात असलेली पहिली, तिच्या आधी वापरलेली दुसरी, त्याच्याही आधीची तिसरी. आल्ट + टॅब एकदा झटकन दाबून सोडलं की दुसरी विंडो समोर येते. ती आता पहिली झाली, म्हणून तेच पुन्हा दाबलं की आपण मूळ जागी परत येतो. स्टेटमेंट आणि नोंदवही यांच्यात शंभर वेळा ये-जा करायची असेल तर डोळे खालच्या पट्टीकडे एकदाही जात नाहीत.

तिसरी किंवा चौथी विंडो हवी असेल तर आल्ट धरून ठेवा आणि टॅब सावकाश एकेकदा दाबत जा. उघड्या विंडोंची छोटी चित्रं दिसतात आणि चौकट पुढे सरकते. पुढे निघून गेलात तर शिफ्टही धरून टॅब दाबा, चौकट मागे येते. विचार बदलला तर एस्केप दाबा. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे चित्रं दिसताच आल्ट सोडून देणं. आल्ट सोडणं म्हणजे 'हीच हवी' असं सांगणं, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. ज्यांची बोटं दुखतात किंवा ज्यांना दोन बटणं धरून ठेवणं जड जातं, त्यांनी कंट्रोल + आल्ट + टॅब वापरावं. तिन्ही बटणं सोडली तरी चित्रं पडद्यावर राहतात, मग बाणांच्या बटणांनी निवड करून एंटर दाबायचं.

काही संगणकांवर आल्ट + टॅब दाबल्यावर विंडोंबरोबर एज ब्राउझरमधल्या टॅबचीही चित्रं येतात आणि यादी लांबते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', त्यात 'मल्टिटास्किंग' इथे जाऊन आल्ट + टॅबच्या पर्यायात टॅब न दाखवण्याची निवड करा. ब्राउझरच्या आतल्या टॅबांसाठी कंट्रोल + टॅब वेगळं आहेच. आल्टने विंडो बदलते, कंट्रोलने त्या विंडोच्या आतलं पान बदलतं, असा भेद मनात पक्का करा.

शेजारी मांडून ठेवा

ये-जा सोपी झाली, तरी ताडून पाहण्याच्या कामात ती मुळात टाळता आली तर जास्त बरं. त्यासाठी विंडोज + डावा बाण. समोरची विंडो पडद्याचा डावा अर्धा भाग व्यापते आणि उजव्या बाजूला बाकीच्या विंडोंची चित्रं येतात. बाणाने हवी ती निवडून एंटर दाबा, ती उजवा अर्धा भाग व्यापते. आता डावीकडे बँकेचं स्टेटमेंट, उजवीकडे नोंदवही. नजर फक्त आडवी फिरते. मधल्या रेषेवर माउस नेऊन ती ओढली तर दोन्ही विंडो मिळून लहान-मोठ्या होतात, म्हणून स्टेटमेंटला थोडी आणि एक्सेलच्या रकान्यांना जास्त जागा देता येते.

डावीकडे असलेल्या विंडोवर विंडोज + वरचा बाण दाबलं की ती डाव्या वरच्या कोपऱ्यात, पाव भागात बसते. मोठ्या मॉनिटरवर अशा चार विंडो एकाच वेळी दिसतात. चौदा-पंधरा इंचांच्या लॅपटॉपवर मात्र पाव भागात अक्षरं वाचता वाचता डोळे शिणतात, तिथं दोनावरच थांबा. विंडोज ११ मध्ये विंडोज + झेड दाबलं की मांडणीचे तयार नकाशे समोर येतात आणि त्यांवरचे आकडे दाबून निवड करता येते. विंडो पुन्हा पूर्ण पडदाभर करायची असेल तर विंडोज + वरचा बाण लागेल तितक्यांदा दाबावा. विंडोज + खालचा बाण दाबला तर पूर्ण पडदाभर असलेली विंडो आधी पूर्वीच्या आकारात येते आणि पुन्हा दाबल्यावर खाली पट्टीत जाते.

दोन मॉनिटर असतील तर विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण दाबल्यावर विंडो थेट शेजारच्या मॉनिटरवर जाते. कार्यालयात लॅपटॉपला मोठा पडदा जोडणाऱ्यांनी हा एक शॉर्टकट आजच शिकावा.

या मांडणीला इतिहास आहे. २० नोव्हेंबर १९८५ रोजी विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आली, तेव्हा तीत प्रोग्रामच्या विंडो एकमेकींवर चढत नव्हत्या, फरशांसारख्या शेजारी शेजारीच बसायच्या. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर ठेवता येऊ लागल्या आणि एकीखाली दुसरी झाकली जाण्याची अडचण तिथून सुरू झाली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये बाणांनी अर्ध्या-अर्ध्या भागात बसवण्याची सोय आली, २०१५ च्या विंडोज १० मध्ये चार कोपरे मिळाले. टेबलावर कागद एकावर एक रचले की खालचा सापडत नाही आणि पसरून ठेवले की एका नजरेत सगळे दिसतात, हे आपल्याला कागदाच्या काळापासून माहीत आहे. पडद्यालाही तोच न्याय लागू पडतो.

तीन किंवा अधिक विंडो असतील तेव्हा

आल्ट + टॅब दोन विंडोंसाठी उत्तम, पण तीन विंडोंत फिरताना त्याचा क्रम दर वेळी बदलतो आणि मन पुन्हा मोजणीत अडकतं. इथे विंडोज + आकडा कामी येतो. टास्कबारवर, म्हणजे खालच्या पट्टीवर, डावीकडून पहिल्या प्रोग्रामसाठी विंडोज + १, दुसऱ्यासाठी विंडोज + २, असं ९ पर्यंत. स्टार्ट आणि शोधाची चित्रं या मोजणीत येत नाहीत. प्रोग्राम बंद असेल तर उघडतो, उघडा असेल तर समोर येतो.

याचा खरा फायदा हवा असेल तर एक छोटं काम आधी करा. रोजचे चार-पाच प्रोग्राम टास्कबारवर पिन करा आणि ओढून ठरलेल्या क्रमात लावा. माझ्याकडे ब्राउझर पहिला, एक्सेल दुसरा, वर्ड तिसरा आणि पीडीएफ चौथा, असा क्रम आहे आणि मी तो कधी बदलत नाही. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यातली हळद आणि मोहरी ठरल्या वाटीत असते, म्हणून हात न बघता तिथं जातो. टास्कबारचंही तसंच आहे. जागा ठरली की हात बिनचूक पडतो.

एकाच प्रोग्रामच्या दोन फाइली उघड्या असतील तर विंडोज धरून तोच आकडा पुन्हा पुन्हा दाबा, त्या फाइली एकामागून एक समोर येतात. विंडोज + कंट्रोल + आकडा दाबलं तर त्या प्रोग्राममध्ये शेवटी वापरलेली विंडो थेट उघडते. गेल्या वर्षीची आणि चालू वर्षाची नोंदवही एकदम उघडी असते तेव्हा याची किंमत कळते.

कामांची वेगळी दालनं

हिशेब चालू असताना मध्येच मुलाच्या शाळेचा फॉर्म भरायचा असेल तर त्या विंडोंची हिशेबाच्या विंडोंत सरमिसळ होऊ देऊ नका. विंडोज + कंट्रोल + डी दाबा. एक नवा, रिकामा डेस्कटॉप मिळतो. शाळेचं काम तिथं उघडा. विंडोज + कंट्रोल + डावा किंवा उजवा बाण दाबून दोन डेस्कटॉपांत जा-ये करा. काम संपलं की विंडोज + कंट्रोल + एफ४ दाबा. तो डेस्कटॉप नाहीसा होतो आणि त्यातली एखादी विंडो उघडी राहिली असेल तर ती न हरवता शेजारच्या डेस्कटॉपवर येते. विंडोज + टॅब दाबलं की उघड्या विंडो आणि सगळे डेस्कटॉप एका नजरेत दिसतात.

दोन डेस्कटॉप पुरेसे होतात. त्याहून जास्त केले तर कुठलं काम कुठं ठेवलं हेच आठवावं लागतं आणि मूळ हेतू हरवतो.

झाकणं, बंद करणं आणि हरवलेली विंडो

विंडोज + डी दाबलं की सगळ्या विंडो बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो, पुन्हा दाबलं की त्या परत येतात. विंडोज + होम दाबलं तर समोरची विंडो राहते आणि बाकीच्या खाली जातात. एकाग्रतेसाठी मला हा सर्वांत उपयोगी वाटतो. जागेवरून उठताना विंडोज + एल दाबून संगणकाला कुलूप लावा. सभासदांच्या बँक खात्यांचे आकडे उघडे ठेवून चहाला जाणं हा बेजबाबदारपणा आहे, आणि तो टाळायला एक क्षण पुरतो.

आल्ट + एफ४ने समोरची विंडो बंद होते. फाइल जतन केलेली नसेल तर वर्ड-एक्सेल विचारतात, पण ब्राउझरमध्ये अर्धवट भरलेला सरकारी फॉर्म न विचारताही जाऊ शकतो. म्हणून हा शॉर्टकट दाबण्याआधी समोर कोणती विंडो आहे ते पाहण्याची सवय लावा. डेस्कटॉप समोर असताना तोच दाबला तर संगणक बंद करण्याची चौकट येते. घाबरू नका, एस्केप दाबा. ब्राउझरमधला एखादाच टॅब बंद करायचा असेल तर कंट्रोल + डब्ल्यू वापरा, आणि चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल + शिफ्ट + टी दाबून परत आणा.

कधी कधी टास्कबारवर चित्र दिसतं, पण विंडो पडद्यावर कुठंच नसते. बाहेरचा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर काढल्यावर ती पूर्वीच्या जागी, म्हणजे आता पडद्याबाहेर, राहून जाते. आल्ट + टॅबने ती विंडो निवडा, आल्ट + स्पेस दाबा, मग एम दाबा आणि कोणताही बाण एकदा दाबा. आता माउस हलवला की विंडो त्याला चिकटून आत येते, क्लिक करून ती सोडा. आल्ट + स्पेस दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने घेतलेलं असेल तर टास्कबारवरच्या चित्रावर शिफ्ट धरून उजवी क्लिक करा, तोच मेनू मिळतो. संगणक बिघडला असं समजून दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी एवढं करून पाहा.

मराठी आणि इंग्रजी टायपिंगची अदलाबदल

आपल्या कामात एक अडचण खास आपली आहे. एक्सेलमध्ये इंग्रजी, वर्डमध्ये मराठी. विंडो बदलली की कीबोर्डची भाषाही बदलावी लागते आणि विसरलो तर रकमेच्या रकान्यात देवनागरी अक्षरं उमटतात. भाषा बदलण्याचा शॉर्टकट विंडोज + स्पेस आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे स्टार्ट मेनूत 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' शोधा आणि प्रत्येक विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत वापरण्याच्या पर्यायावर खूण करा. मग वर्डमध्ये एकदा मराठी आणि एक्सेलमध्ये एकदा इंग्रजी निवडली की त्या विंडो उघड्या असेपर्यंत ज्या त्या विंडोत जी ती भाषा राहते. नोटीस लिहिता लिहिता आकडा तपासून परत आलात तरी मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तुमची वाट पाहत असतो.

शिकायचं कसं

शॉर्टकटांची लांबलचक यादी छापून भिंतीवर लावण्याचा मी प्रयत्न केला होता. ती भिंतीवरच राहिली. टायपिंगच्या क्लासमध्ये एकच ओळ दिवसेंदिवस का घोटून घेतात, ते आठवा. आधी बोटांना कळतं, मग वेग येतो. टॅलीवर बसणाऱ्या अकाउंटंटला एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस हे पाठ करावं लागत नाही, रोजच्या व्हाउचरांनी ते हातात बसतं. इथंही तोच मार्ग आहे.

पहिल्या आठवड्यात फक्त आल्ट + टॅब आणि विंडोज + डावा-उजवा बाण. या काळात विंडो बदलायला माउसकडे हात गेला तर तो थांबवा आणि शॉर्टकट वापरा, मग वेळ जास्त लागला तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यात टास्कबार लावून विंडोज + आकडा. तिसऱ्या आठवड्यात विंडोज + एल आणि विंडोज + होम. त्यानंतर वेगळे डेस्कटॉप, तेही गरज वाटली तरच. बाकीचं अडचण येईल तेव्हा शिकता येतं. काही लॅपटॉपांवर एफ४ किंवा होमसाठी एफएन हे बटणही सोबत धरावं लागतं, ते आधी तपासा.

माउसशी वैर धरायचं कारण नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक दिलं, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता, तर डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कीबोर्ड. माउस घडवणाऱ्यानेही सगळं काम माउसवर टाकलं नव्हतं. चित्र काढायला आणि मजकुरातली जागा दाखवायला माउस, आज्ञा द्यायला बटणं, ही वाटणी आजही योग्य आहे. आल्ट, टॅब आणि विंडोज ही तिन्ही बटणं डाव्या हाताशीच आहेत.

दृष्टिहीन व्यक्तींसाठी तर माउसचा पर्यायच नसतो. एनव्हीडीएसारखं मोफत मिळणारं, पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणारे लोक संपूर्ण संगणक कीबोर्डवर चालवतात आणि हेच शॉर्टकट त्यांच्या रोजच्या नोकरीचा आधार असतात. तुमच्या कार्यालयात असा सहकारी असेल तर त्याच्या शेजारी बसून शिका. त्याच्याइतका चांगला शिक्षक मिळणार नाही.

मॅक वापरणाऱ्यांनी कमांड + टॅबने प्रोग्राम बदलावा. एकाच प्रोग्रामच्या विंडोंमध्ये फिरायचं असेल तर कमांडबरोबर टॅबच्या वरचं बटण दाबावं. उबुंटूवर आल्ट + टॅब आहेच, आणि विंडोजच्या चिन्हाच्या बटणाबरोबर डावा-उजवा बाण दाबला की तिथंही विंडो अर्ध्या भागात बसते.

तिसऱ्या वर्षी मार्चअखेरचा ताळमेळ मी एका बैठकीत पूर्ण केला आणि ऑडिटरकडून एकही रक्कम दुरुस्तीसाठी परत आली नाही. उद्या सकाळी संगणक सुरू केलात की रोजच्या कामातल्या दोन विंडो निवडा, एकीवर विंडोज + डावा बाण दाबा, दुसरी तिच्या शेजारी बसवा आणि त्या दिवसाचं काम तसंच करून पाहा. सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे.